पट्टीताईंनी धरलेला डूख

पट्टीताईंचं खरं नाव फक्त इस्पितळाच्या जुन्या कागदांवर उरलं होतं. चोवीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायला सुरुवात केली. ऑपरेशन होऊन घरी आलेली माणसं, साखरेमुळे पायाची जखम भरत नाही अशी माणसं, अंथरुणाला खिळून पाठीला व्रण पडलेली माणसं. सकाळी सातला बॅग खांद्याला अडकवून निघायच्या, दुपारी दोनपर्यंत आठ घरं. हात इतका हलका, की गप्पांच्या नादात रोगी विचारायचा, "काय, सुरू करताय का?" आणि तोवर जुनी पट्टी पिशवीत जाऊन पडलेली असायची.

हात हलका होता, स्वभाव नव्हता. त्यांचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता, तो म्हणायचा, हिच्या हाताला मलम आहे आणि मनाला टाके. कोणी दुखावलं तर त्या ओरडत नसत, भांडत नसत. मनात ठेवत. वॉर्डातल्या एका सहकाऱ्याने एकदा त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं. त्यानंतर त्या त्याच्याबरोबर अकरा वर्षं एकाच वॉर्डात राबल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. कामाचं काही असेल तर चिठ्ठी लिहून त्याच्या टेबलावर ठेवायच्या. शेवटी त्यानेच बदली मागून घेतली.

जखम भरतेय की चिघळतेय हे सर्जनला कळावं म्हणून पट्टीताई दर आठवड्याला फोनवर फोटो काढायच्या. जखमेशेजारी मापाची कागदी पट्टी धरायची, त्या पट्टीवर रोग्याचं नाव आणि तारीख लिहायची. वॉर्डात असंच शिकवलं होतं. चुकून एकाची जखम दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून.

त्यांच्या रोग्यांत एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. गणित शिकवायच्या, एकट्या राहायच्या, पाठ अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखी ताठ. त्यांच्या उजव्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं आणि टाक्यांचं एक टोक उघडलं होतं. पहिल्या दिवशी फोटोचं विचारलं तेव्हा बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"डॉक्टरांशिवाय कोणी बघणार नाही ना?"

"कोणी नाही, बाई. ती जबाबदारी माझी."

पुढच्या महिन्यात एका घरी हातमोजे काढताना पट्टीताईंचा फोन निसटला आणि जंतुनाशकाच्या बादलीत पडला. बाहेर काढला तेव्हा अर्ध्या पडद्यावर हिरव्या रेघा आल्या होत्या आणि फोन मध्येच तापत होता. डॉक्टरांचे, रोग्यांचे सगळे फोन त्याच्यावर यायचे. एक दिवसही चालणार नव्हतं.

पॉलिक्लिनिकसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक गाळा होता. पाटीवर लिहिलं होतं, 'फोनचे डॉक्टर'. त्यामुळे मालकाला सगळे डॉक्टरच म्हणत. पस्तिशीचा, बोलायला गोड, एका डोळ्याला भिंग लावून दिव्याखाली बसलेला. मागच्या फळीवर दुरुस्तीचे फोन पालथे मांडलेले, प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि लॉकचा आकडा.

"नंबर सांगा ताई, तपासायला लागतो," तो म्हणाला. त्यांनी सांगितला, त्याने लिहून चिकटवला. पट्टीताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. इस्पितळात रोग्याच्या मनगटालाही नावाची पट्टी असतेच. दोन दिवसांत देतो म्हणाला, पाचव्या दिवशी दिला. पडदा लखलखीत. त्यांनी त्याचे मनापासून आभार मानले. हे आभार त्यांना पुढे कित्येक दिवस घशात अडकलेल्या काट्यासारखे टोचत राहिले.

तीन आठवड्यांनी एका सकाळी त्या नेहमीप्रमाणे मास्तरीणबाईंकडे गेल्या, तर दार उघडलं पण बाई बाजूला झाल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांचा एक जुना विद्यार्थी हार्डवेअरचं दुकान चालवायचा. तो केस कापायला बसला असताना शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने हसत हसत आपला फोन पुढे केला, लोकांच्या फोनमध्ये काय काय सापडतं बघ म्हणून. फोटोत एक जखम होती आणि जखमेशेजारी कागदी पट्टी. पट्टीवर आपल्या बाईंचं नाव वाचून तो अर्धे केस कापलेले तसाच उठून घरी गेला. स्वतः येऊन सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने बायकोला पाठवलं.

"हा फोटो तुमच्याशिवाय कोणाकडे होता?" बाईंनी विचारलं. वर्गात एखाद्याला उभं करून विचारावं तसं.

"डॉक्टरांकडे."

"त्यांना मी कालच विचारलं. त्यांनी तो कोणाला दाखवलेला नाही."

पट्टीताईंना तेव्हा फळीवर पालथा पडलेला आपला फोन आणि त्याच्या पाठीवरचा आकडा आठवला.

"उद्यापासून येऊ नका," बाई म्हणाल्या. "मी आरसा ठेवून करीन." आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच, कडी नीट बसेल असं.

ती जखम अशा जागी होती, की स्वतःची स्वतःला नीट दिसलीही नसती. डावा हात काखेपर्यंत ताणून, आरशात उलटं बघत, सत्तरीची बाई ते कसं करणार हे पट्टीताईंना डोळ्यांसमोर दिसत होतं. बॅग खांद्याला तशीच ठेवून त्या सरळ गाळ्यावर गेल्या. आपल्या फोनमधला एका पेशंटचा फोटो बाहेर गेलाय, एवढंच त्यांनी सांगितलं. डॉक्टरने भिंग काढलं, छातीवर हात ठेवला.

"ताई, बाईमाणसाचा असला फोटो आमच्या गाळ्यातून जाणं शक्यच नाही. आम्हालाही आया-बहिणी आहेत."

पेशंट बाई आहे हे पट्टीताईंनी सांगितलंच नव्हतं. कसला फोटो तेही नाही.

त्यांनी ते त्याच्या तोंडावर म्हटलं नाही. "तुम्ही म्हणता तर नसेल," असं म्हणून त्या वळल्या, आणि पायऱ्या उतरता उतरता त्यांनी त्याच्यावर डूख धरला.

पोलीस चौकीत हवालदाराने ऐकून घेतलं. तो वाईट नव्हता, पण त्याने हात वर केले. फोन तुमचा, नंबर तुम्ही दिला, त्याने काढला याला पुरावा काय? पुरावा आणा, मग बघू.

पट्टीताईंची नणंद एका कंपनीत कॉम्प्युटरची देखभाल करायची. पट्टीताईंनी तिला घरी बोलावून सगळं सांगितलं. नणंदेने डोक्याला हात लावला.

"वहिनी, लॉकचा नंबर कोणी देतं का?"

मग तिने समजावून सांगितलं. फोन दुरुस्तीला देण्याआधी त्यातल्या सगळ्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवायची, सिम आणि मेमरीचं कार्ड काढून घ्यायचं, आणि फोन पुसून कोरा करून द्यायचा. पुसायचं नसेल तर बऱ्याच नव्या फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळी सोय असते. ती चालू केली की कारागिराला फोन तपासता येतो, पण आतले फोटो आणि निरोप दिसत नाहीत. आणि पडदाच गेल्यामुळे यातलं काहीच करता येत नसेल, तर समोर बसून काम करून घ्यायचं आणि आकडा आपल्या बोटाने टाकायचा. रोग्यांच्या फोटोंवर तर नावं लिहायचीच नाहीत, क्रमांक घालायचे आणि नावांची यादी घरी वहीत ठेवायची.

पट्टीताईंनी नर्सिंगच्या वर्गात लिहून घ्यायच्या तसं सगळं लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. इतकं सोपं होतं. चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला लागतं, तेवढीसुद्धा मेहनत नव्हती. मग त्यांना राग आला, तो अर्धा स्वतःवर होता आणि अर्धा गाळ्यातल्या डॉक्टरवर, आणि स्वतःवरचा अर्धाही त्यांनी त्याच्याच नावावर टाकला.

"तुझा जुना फोन आहे ना?" त्यांनी नणंदेला विचारलं. "तो मला दे. आणि तो काय काय करतो ते सगळं कळेल असं काहीतरी त्यात घाल."

नणंदेने त्यात अशी सोय केली, की पडद्यावर जे जे उघडेल त्याचं आपोआप चित्रण होत राहील. आता आत ठेवायला फोटो हवे होते. खरे कोणाचे ठेवायचे नव्हते. पट्टीताईंनी जेवायला बसलेल्या नवऱ्याला दोन्ही बाह्या वर करायला लावल्या. दुमडलेल्या कोपराचा अगदी जवळून फोटो काढला की तो काय आहे हे कळत नाही, भलतंच काहीतरी वाटतं, हे त्यांना जखमांचे फोटो काढून काढून माहीत होतं. नवऱ्याच्या कोपरांचे चौदा फोटो निघाले. त्या बिचाऱ्याचा घास हातात राहिला. नणंद हसून हसून लोळायची बाकी होती. पट्टीताई हसल्या नाहीत. त्यांनी त्या फोल्डरला नाव दिलं, 'खाजगी'.

फोन बिघडवणं सोपं होतं. चार्जिंगच्या भोकात त्यांनी चिमट्याने कापूस ठासून भरला, जखमेत भरतात तसा, खोलवर. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन त्यांच्याऐवजी नणंद गेली. चार्ज होत नाही म्हणाली. डॉक्टरने नंबर विचारला. तिने सांगितला. कापूस काढायला लॉक कशाला उघडावं लागतं, हे तिने विचारलं नाही.

दोन दिवसांनी फोन परत आला. आतला भाग बदललाय, असं त्याने गंभीरपणे सांगितलं. घरी दोघींनी दार लावून चित्रण पाहिलं. कापूस काढायला किती वेळ लागला कोण जाणे, पण फोटो बघण्यात त्याची अडतीस मिनिटं गेली होती. आधी निरोप वाचले. मग फोटो. मग 'खाजगी'. तिथे बोट थांबलं, फोटो मोठा झाला, लहान झाला, पुन्हा मोठा झाला. शेवटी चौदाच्या चौदा फोटो 'डॉक्टर' नावाच्या दुसऱ्या फोनवर गेले. जाताना तारीख आणि वेळ पडद्याच्या कोपऱ्यात स्वच्छ दिसत होती.

चार दिवसांनी डेपोत जेवणाच्या सुट्टीत एका कंडक्टरने पट्टीताईंच्या नवऱ्यापुढे फोन धरला आणि डोळा मारला. नवऱ्याने बघितलं, पुन्हा बघितलं.

"हा माझा कोपर आहे," तो म्हणाला.

कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने बाही वर करून हात दुमडला आणि फोटोत दिसणारा तीळ दाखवला. टेबलाभोवती असा हशा पिकला की फोरमन बघायला आला. पण नवऱ्याने हसणाऱ्यांना हसू दिलं आणि तो फोटो कंडक्टरकडे कोणाकडून आला, त्याच्याकडे कोणाकडून, ते विचारून घेतलं. तीन माणसांपलीकडे डॉक्टरचा नंबर होता.

पुरावा हातात आला. नणंद म्हणाली, उद्याच चौकीत जाऊ. पट्टीताई म्हणाल्या, थांब.

त्यांना डॉक्टर एका दिवसात संपायला नको होता. पोलीस आले, गाळ्याला कुलूप लागलं, लोक चार दिवस बोलले आणि विसरले, एवढ्यावर त्यांचं भागणार नव्हतं. मास्तरीणबाईंना जसं रोज सकाळी आरशासमोर उभं राहायला लागत होतं, तसं त्यालाही रोज काहीतरी बघायला लागावं असं त्यांना वाटत होतं. त्या आठवड्याला तीसेक घरांत जात. रोग्याच्या पायाशी बसून पट्टी गुंडाळता गुंडाळता त्यांनी घराघरातल्या बायकांना विचारायला सुरुवात केली, तुमचा फोन कुठे दुरुस्त करता? मग वहीत लिहून घेतलेलं सगळं सांगायच्या. मग, आवाज न चढवता, कोणाचं नाव न घेता, पॉलिक्लिनिकसमोर मात्र देऊ नका, एवढं म्हणायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "मी दिला होता."

जखमा बघणारी बाई खोटं कशाला बोलेल? गाळ्याकडची वर्दळ आटत गेली. दुपारी काम संपलं की पट्टीताई पॉलिक्लिनिकच्या पायरीवर चहाचा कागदी पेला घेऊन बसायच्या आणि समोर बघायच्या. पहिल्या आठवड्यात फळीवरचे फोन निम्मे झाले. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर बाहेर येऊन उभा राहायला लागला, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागला. एकदा त्याची नजर त्यांच्यावर पडली. पट्टीताईंनी नजर हटवली नाही, चहाचा घोट घेतला. इतका गोड चहा त्यांनी आयुष्यात प्यायला नव्हता.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या चौकीत गेल्या. या वेळी हवालदाराने हात वर केले नाहीत. दुसऱ्याच दिवशी गाळ्यातला कॉम्प्युटर आणि डॉक्टरचे दोन्ही फोन जप्त झाले. भर दुपारी, पॉलिक्लिनिकच्या बाहेर रोग्यांची रांग लागलेली असताना, त्याला हाताला धरून बाहेर काढलं. पट्टीताई पायरीवर बसल्या नव्हत्या. त्या उभ्या होत्या, त्याला नीट दिसाव्यात म्हणून.

कॉम्प्युटरमध्ये बेचाळीस जणांचे फोटो सापडले. चौकशी करणाऱ्या बाई अधिकारी पट्टीताईंच्या समोर यादी वाचत होत्या, ओळखीचं कोणी आहे का म्हणून. बहुतेक जुने होते. शेवटचे मात्र नऊ दिवसांपूर्वीचे होते. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात नव्याने लागलेल्या फार्मासिस्ट मुलीचे. ती गावात नवी, तिला सांगणारं कोणी नव्हतं.

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "पुरावा होता तेव्हाच जायला हवं होतं, वहिनी."



मास्तरीणबाईही जबाब द्यायला आल्या होत्या. एकाच बाकावर दोघी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. नाव विचारल्यावर बाईंनी ते पूर्ण, स्पष्ट सांगितलं, आणि फोटो पुढे ठेवल्यावर म्हणाल्या, "माझाच आहे." सही करून उठल्या. जाताना पट्टीताईंसमोर क्षणभर थांबल्या.

"जखम भरली," त्या म्हणाल्या. "तुम्ही असतात तर महिनाभर आधी भरली असती." आणि गेल्या. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही.

डॉक्टर जामिनावर सुटल्यावर एका सकाळी पट्टीताईंच्या दारात आला. दाढी वाढलेली, भिंगाचा वळ अजून डोळ्याभोवती. त्या बॅगेत जखमेवर घालायचं गॉज भरत होत्या. त्याने हात जोडले. गाळा गेला, घरमालक खोली सोडायला सांगतोय, बायको माहेरी निघून गेली, सगळं सांगितलं. तुम्ही जबाबात थोडं सौम्य केलंत तर वाचेन, म्हणाला. चूक झाली, ताई. नुसती गंमत म्हणून बघितलं, कोणाला त्रास द्यायचा नव्हता.

इतके दिवस पट्टीताई त्याला तुम्ही म्हणत आल्या होत्या.

"तुझा फोन आहे का खिशात?" त्यांनी विचारलं. "नवा घेतला असशील ना, जुने पोलिसांकडे असतील."

त्याने मान हलवली.

"दे इकडे. लॉक उघडून दे. दोन दिवस माझ्याकडे राहू दे. मी सगळं बघते. बायकोने काय लिहिलंय, तू तिला काय लिहिलंस, तुझ्या आईचे निरोप, सगळं. काही आवडलं तर डेपोत पाठवते, माणसं जेवताना बघतील. नुसती गंमत. परवा ये, मग मी जबाब बदलायला तुझ्याबरोबर येते."

त्याचा हात खिशावर गेला. पण फोन बाहेर आला नाही. उलट त्याने खिसा मुठीत घट्ट धरला, जसा कोणी हिसकावून घेणार आहे. दोघेही त्या मुठीकडे बघत राहिले. त्याचं तोंड उतरत उतरत रडायला आलं.

"नाही देता येत ना?" पट्टीताई म्हणाल्या. "जा मग."

तो गेल्यावर त्यांनी उरलेलं गॉज भरलं. नवरा आतून सगळं ऐकत होता. त्याने फक्त विचारलं, झालं का मनासारखं? झालं, त्या म्हणाल्या, आणि ते खरंही होतं.

खटला अजून चालू आहे. डॉक्टर आता दुसऱ्या भागात एका मोठ्या दुकानाच्या गोदामात खोकी उचलतो असं ऐकतात. पट्टीताई तारखेला न चुकता जातात आणि पहिल्या बाकावर बसतात.

फार्मासिस्ट मुलीकडे जायला मात्र त्यांना दोन महिने लागले. रोज तिथून सलाईनच्या बाटल्या आणि चिकटपट्ट्या घ्यायच्या, पण त्या विषयावर तोंड उघडायचं नाही. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. पुरावा कधी मिळाला, तक्रार कधी केली, मधे किती दिवस गेले, आणि ते का घालवले. पायरीवरच्या चहाचंही सांगितलं.

मुलगी काउंटरपलीकडे ऐकत उभी राहिली. मग तिने विचारलं, "त्या तीन आठवड्यांत तुम्ही माझ्या दुकानात येत होतात?"

"रोज."

"आणि त्याच्याकडे जाऊ नकोस हे मला सांगितलं नाहीत."

"तुला विचारायचं डोक्यातच आलं नाही. तू कोणाची पेशंट नव्हतीस."

मुलीने चिकटपट्ट्यांची डबी पिशवीत घातली, पिशवी काउंटरवर ठेवली आणि मागच्या कपाटाकडे वळून औषधं लावायला लागली. पट्टीताई पिशवी उचलून पुढच्या घरी गेल्या. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पाय त्यांची वाट बघत होता.